ऱ्हाइन आणि मोझेलवरचा नदीप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत जहाजं चालतात अशा नद्या बऱ्याच आहेत. पण नदीकाठचे द्राक्षमळे, किल्ले आणि जुनी गावं एकत्र पाहायची असतील तर दोनच टप्पे खरे महत्त्वाचे: ऱ्हाइनचा बिंगेन ते कोब्लेन्त्स आणि मोझेलचा कोब्लेन्त्स ते ट्रीअर. म्हणून खालची उत्तरं या दोन टप्प्यांपुरतीच आहेत.

ऱ्हाइन की मोझेल? एकच निवडायची असेल तर?

किल्ल्यांसाठी ऱ्हाइन, वाइनसाठी मोझेल. बिंगेन ते कोब्लेन्त्स हा सुमारे ६५ किमीचा टप्पा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यात चाळीसच्या आसपास किल्ले, वाडे आणि त्यांचे अवशेष आहेत. पण ही कामाची नदी आहे. मालवाहू जहाजांची रांग असते, दोन्ही काठांनी रेल्वे धावते आणि रस्तेही आहेत.

मोझेल अरुंद आणि शांत आहे, नागमोडी तर इतकी की रेल्वेने कोब्लेन्त्सहून ट्रीअर ११० किमीच्या आसपास पडतं आणि नदीने सुमारे १९० किमी. प्रत्येक वळणाच्या दक्षिणाभिमुख कड्यावर द्राक्षांचे मळे आणि पायथ्याशी दगडी गाव. घाईत असलेल्या माणसाने ऱ्हाइन पाहावी. चार दिवस हातात असतील तर आमचं मत ठामपणे मोझेलच्या बाजूने आहे.

एक गोष्ट बुकिंगच्या आधी समजून घ्या. अॅमस्टरडॅम ते बाझेल या लोकप्रिय आठवडी क्रूझमध्ये सात-आठ दिवसांतली ही सुंदर दरी फक्त चार ते सहा तासांत संपते. उरलेल्या वेळात सपाट काठ, कारखाने, कालवे आणि मोठी शहरं असतात. ती शहरं पाहण्यासारखी आहेत, पण ‘द्राक्षमळ्यांतली क्रूझ’ म्हणून पैसे मोजणार असाल तर कार्यक्रमपत्रिकेत मोझेल आहे का ते पाहा. कोखेम, बेर्नकास्टेल-कूस, ट्राबेन-ट्रारबाख ही नावं दिसली पाहिजेत. नुसतं ‘कोब्लेन्त्स’ लिहिलेलं पुरेसं नाही.

क्रूझच घ्यायला हवी का? दिवसाच्या बोटीने भागत नाही का?

बहुतेकांचं छान भागतं. १८२६ मध्ये स्थापन झालेली के.डी. ही कंपनी ऱ्हाइनवर साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत कोब्लेन्त्स ते रुडेसहाइम अशा वेळापत्रकाच्या बोटी चालवते. हव्या त्या गावात उतरा, किल्ला पाहा, पुढची बोट पकडा.

यात फसगत होते ती दिशेत. प्रवाहाबरोबर, म्हणजे रुडेसहाइमहून कोब्लेन्त्सकडे, सुमारे चार तास लागतात. उलट दिशेने प्रवाहाशी झुंजत जावं लागतं आणि सहा तासांच्या आसपास जातात. म्हणून सकाळी रेल्वेने वर जायचं आणि बोटीने खाली यायचं. पूर्ण टप्प्याला वेळ नसेल तर बाखाराख ते सांक्ट गोआर एवढाच तुकडा घ्या. प्रवाहाबरोबर पाऊण तासाचा हा प्रवास आहे आणि दरीतली सर्वांत देखणी जागा त्यातच येते.

मुक्कामाचं गाव निवडताना लक्षात ठेवा की कोब्लेन्त्स आणि माइन्त्स-वीसबाडेन यांच्या मधे ऱ्हाइनवर एकही पूल नाही. पलीकडच्या काठावर जायला फेरी घ्यावी लागते: बिंगेन–रुडेसहाइम, नीडरहाइमबाख–लोर्ख, काउब, सांक्ट गोआर–सांक्ट गोआरहाउझेन आणि बोपार्ड. शेवटची फेरी चुकली की समोर दिवे दिसणाऱ्या गावात पोहोचायलाही मोठा वळसा पडतो. तेव्हा रात्रीचं जेवण पलीकडे ठरवण्याआधी धक्क्यावरची वेळ वाचून घ्या.

क्रूझचा खरा फायदा सामान आणि पाय यांचा आहे. बॅग एकदाच उघडायची, रोज नवं गाव. सोबत वयस्कर मंडळी असतील तर तो फायदा मोठा आहे.

कोणत्या महिन्यात जावं? आम्हाला शाळेची मे महिन्याची सुट्टीच जमते.

मे चांगलाच आहे, फक्त महिन्याचा उत्तरार्ध निवडा. एप्रिलअखेर वेलींना नुकते डोळे फुटलेले असतात, मळे लांबून तपकिरीच दिसतात. साधारण मेच्या मध्यानंतर उतार हिरवे होतात. पांढऱ्या श्पार्गेलचा म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगामही तेव्हाच असतो. तो परंपरेने २४ जूनला संपतो. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे जेवणानंतरही डेकवर उजेड असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तोडणीचा काळ. नाशिककडच्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, इथे ती शरद ऋतूत. उतार पिवळे-सोनेरी होतात, गावोगावी वाइनचे उत्सव लागतात आणि अर्धवट आंबलेली नवी वाइन, फेडरवाइसर, रस्त्यावर विकायला येते. पण ऱ्हाइनचं पाणी उतरण्याची शक्यताही याच काळात सर्वाधिक. नाताळच्या बाजारांसाठी नोव्हेंबरअखेर ते २२-२३ डिसेंबर हा वेळ आहे. तेव्हा दिवस साडेचारलाच मावळतो, म्हणून दरी पाहायची आशा ठेवू नका, बाजार पाहा.

‘ऱ्हाइन इन फ्लामेन’ या आतषबाजीच्या रात्री परंपरेने अशा असतात: रुडेसहाइम-बिंगेन जुलैचा पहिला शनिवार, कोब्लेन्त्स ऑगस्टचा दुसरा, ओबरवेझेल सप्टेंबरचा दुसरा आणि सांक्ट गोआर सप्टेंबरचा तिसरा. त्या वर्षीची तारीख नक्की करूनच खोली घ्या. त्या रात्री ऐन वेळी खोली मिळत नाही. २०२९ मध्ये राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन याच दरीत भरणार आहे. त्या वर्षाचं बुकिंग नेहमीपेक्षा बरंच आधी करावं लागेल.

पाणी कमी झाल्यामुळे क्रूझचं रूपांतर बस सहलीत झालं, असं ऐकलंय. हे खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यामागचं कारण समजलं तर धोका ओळखता येतो. ऱ्हाइनवरचं शेवटचं धरण ईफेत्सहाइमला, १९७७ मधलं. त्याच्या खाली समुद्रापर्यंत नदी मोकळी वाहते. पाणी अडवायला काहीच नाही, त्यामुळे पाऊस नाही आणि आल्प्सचं वितळपाणीही ओसरलं की पातळी थेट उतरते. सर्वांत उथळ जागा काउबच्या आसपास आहे, म्हणून सगळ्या नदीचं लक्ष काउबच्या पातळीमापकाकडे असतं.

त्या मापकाचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. हा गोंधळ सर्रास होतो. काउबला ७८ सेंमी दाखवत असताना जहाजांच्या मार्गात सुमारे १.९० मीटर पाणी असतं. म्हणजे दाखवलेल्या आकड्यात ढोबळमानाने ११० सेंमी मिळवायचे. प्रवासी जहाजाला दीड मीटरच्या आसपास पाणी लागतं आणि तळाखाली थोडी जागाही ठेवावी लागते. आकडा १०० च्या वर असेल तर निश्चिंत राहा. ५० च्या खाली घसरू लागला की कंपनीकडून ‘जहाज बदल’चा संदेश येण्याची तयारी ठेवा. त्यात कंपनीची दोन जहाजं उथळ टप्प्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला थांबतात, दोन्हीकडचे प्रवासी मधला टप्पा बसने पार करतात आणि जहाजांची अदलाबदल होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबचा आकडा २५ पर्यंत गेला होता.

महापुराचाही त्रास असतो. काउबला ४.६० मीटरला पहिली खूण लागते आणि वेगावर बंधनं येतात. ६.४० मीटरच्या दुसऱ्या खुणेला वाहतूक थांबते. हे मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला घडतं.

मोझेलचं गणित वेगळं आहे. तिथे लॉक आणि बंधाऱ्यांनी पाणी अडवलेलं असल्याने दुष्काळातही जहाजं चालतात. उन्हाळ्याच्या शेवटी जायचं असेल तर कोब्लेन्त्सहून किंवा कोलोनहून निघून मोझेलवर जाणारी क्रूझ घ्या, म्हणजे काउब वाटेत येतच नाही. एवढा एक निर्णय निम्मी काळजी कमी करतो.

आणि करारातली ओळ वाचा. पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलण्याचा हक्क बहुतेक कंपन्या स्वतःकडे राखून ठेवतात आणि भरपाईचं आश्वासन देत नाहीत. प्रवास विम्यात हा धोका धरला आहे का, हे विमा घेण्याआधी लेखी विचारा.

लॉक म्हणजे नेमकं काय? त्यात किती वेळ जातो?

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला मोठा हौद. जहाज आत शिरतं, मागचा दरवाजा लागतो, हौदात पाणी भरतं किंवा सुटतं आणि जहाज वरच्या किंवा खालच्या पातळीला पोहोचतं. मोझेलच्या सुधारणेचा करार १९५६ मध्ये झाला आणि १९६४ मध्ये हा जलमार्ग खुला झाला. कोब्लेन्त्सपासून ट्रीअरचा लॉक धरून दहा लॉक लागतात, बेर्नकास्टेलपर्यंत सात. प्रत्येकात साधारण ५ ते ९ मीटर चढउतार होतो. एका लॉकला २० ते ३० मिनिटं लागतात, पुढे जहाजं असतील तर आणखी.

जुने हौद १२ मीटर रुंद आहेत आणि क्रूझ जहाज सुमारे ११.४५ मीटर. दोन्ही बाजू मिळून जेमतेम अर्धा मीटर मोकळा राहतो. तेव्हा फोटोसाठी हात कठड्याबाहेर काढू नका. खालच्या मजल्यावरच्या खिडकीसमोर त्या वेळी ओली काँक्रीटची भिंत येते आणि खोलीत अंधार होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

देखभालीसाठी मोझेलचे लॉक दरवर्षी काही दिवस बंद ठेवतात आणि त्या तारखा आधी जाहीर होतात. अपघात मात्र सांगून येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका मालवाहू जहाजाच्या धडकेने म्यूडेन लॉकचा दरवाजा मोडला आणि नेहमीची वाहतूक फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला सुरू झाली.

क्रूझ न घेता लॉकचा अनुभव घ्यायचा असेल तर कोखेम ते बाइलश्टाइन ही तासाभराची बोट पुरे. वाटेत फांकेलचा लॉक लागतो.

ऱ्हाइनच्या दरीतून जाताना कुठे बसावं? कोणता किल्ला कधी येतो, ते कसं ओळखायचं?

वरच्या डेकवर, पुढच्या बाजूला. एकाच कडेला खुर्ची धरून बसू नका, कारण किल्ले दोन्ही काठांवर आहेत. सकाळी पश्चिमेकडच्या म्हणजे डाव्या तीरावरच्या किल्ल्यांवर ऊन असतं, दुपारनंतर उजव्या. (नदीचा डावा तीर म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर डाव्या हाताचा. जहाज उलट जात असेल तरी नाव तेच राहतं.)

किल्ले ओळखायची सोपी खूण म्हणजे काठावरच्या किलोमीटरच्या मोठ्या पाट्या. मोजणी कॉन्स्टान्त्सच्या पुलापासून सुरू होते आणि प्रवाहाबरोबर आकडा वाढतो. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, एखादा किलोमीटर इकडेतिकडे: ५२७ रुडेसहाइम, ५३० बेटावरचा उंदीर-बुरूज, ५३३ राइनश्टाइन, ५४३ बाखाराख, ५४६ काउबसमोरचा फाल्त्सग्राफेनश्टाइन, ५५० ओबरवेझेल, ५५४ लोरेलाय, ५५६-५५७ सांक्ट गोआर आणि राइनफेल्स, ५७० बोपार्ड, ५८० मार्क्सबुर्ग, ५८५ श्टोल्त्सेनफेल्स, ५९२ कोब्लेन्त्सचा संगम.

फाल्त्सग्राफेनश्टाइन हा नदीच्या मधोमध जहाजासारखा बसलेला पांढरा किल्ला म्हणजे चौदाव्या शतकातला जकातनाका. लुडविग द बव्हेरियनने तो १३२६-२७ च्या सुमारास बांधायला घेतला. या दरीतल्या कित्येक किल्ल्यांचं पोट जकातीवरच चालत असे. आपल्याकडच्या गडांसारखी घाटवाटा आणि मुलूख राखण्याची कल्पना इथे लावली तर त्यांची जागा समजत नाही. नदीच्या काठाला चिकटून, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात एवढे किल्ले आहेत, कारण प्रत्येकाला जाणाऱ्या मालावर हक्क सांगायचा होता. १८६८ च्या मानहाइम करारापासून ऱ्हाइनवर अशी जकात घेता येत नाही.

लोरेलाय हा सुमारे १३२ मीटर उंच पाटीच्या दगडाचा कडा उजव्या तीरावर आहे. तिथे नदी अरुंद, खोल आणि वळणाची आहे, म्हणून जहाजं बुडत आणि म्हणूनच कड्यावरून गाऊन नाविकांना भुलवणाऱ्या सुंदरीची दंतकथा. क्लेमेन्स ब्रेन्टानोच्या १८०१ च्या काव्याने आणि हाइन्रिश हाइनेच्या १८२४ च्या कवितेने ती घरोघर पोहोचवली. कवितेला झिल्खरने दिलेली चाल बोटींवर आजही वाजते. धोका पूर्ण गेलेला नाही. जानेवारी २०११ मध्ये इथेच गंधकाम्लाने भरलेलं टँकर जहाज उलटलं. ओबरवेझेल ते सांक्ट गोआर या भागात काठावर दिव्यांच्या पट्ट्या दिसतात. वळणापलीकडून खाली येणाऱ्या जहाजांची सूचना त्या वर जाणाऱ्यांना देतात.

क्रूझ कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: बिंगेन ते कोब्लेन्त्स हा टप्पा दिवसाउजेडी आहे ना? वेळापत्रक घसरलं तर तो संध्याकाळी उशिरा जातो आणि प्रवासाचा गाभाच हरवतो.

समोरून येणारं जहाज निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवतं. तो इशारा कसला?

‘उजव्या बाजूने उजवी बाजू ओलांडूया’ असं ते सांगतं. एरवी जहाजं एकमेकांना डाव्या बाजूने ओलांडतात. पण प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्याला वळणाच्या आतल्या, संथ पाण्यात राहायचं असतं. बाजू निवडायचा हक्क त्याचा. खाली येणाराही निळी पाटी दाखवून होकार देतो. एकदा कळलं की डेकवरचा अख्खा तास यात जातो.

एकच किल्ला आतून पाहायचा तर कोणता?

ऱ्हाइनवर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. या दरीतल्या टेकडीवरच्या किल्ल्यांपैकी तोच एक कधीच उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून स्वयंपाकघर, बुरूज, देवघर सगळं जुन्या जागी आहे. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. प्रवेशवाटेवर ओबडधोबड खडक आहे, गुडघे दुखणाऱ्यांना तो जड जाईल. भग्न तटबंदीत मनसोक्त हिंडायला आवडत असेल तर सांक्ट गोआरचा राइनफेल्स: १२४५ मध्ये सुरुवात, १७९७ मध्ये फ्रेंचांनी उडवला.

मोझेलवर बुर्ग एल्त्स. साडेआठशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे. पण तो नदीवरून दिसत नाही, बाजूच्या ओढ्याच्या दरीत लपलेला आहे. मोझेलकेर्न स्थानकापासून सुमारे ५ किमी चालत, दीड तास लागतो. हिवाळ्यात बंद असतो, साधारण एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुला. कोखेमचा राइक्सबुर्ग फोटोत सर्वांत देखणा दिसतो, पण मूळ किल्ला १६८९ मध्ये जळाला आणि आजचा १८६८ ते १८७७ मध्ये बांधलेला आहे. हे ठाऊक असेल तर अपेक्षाभंग होत नाही.

मोझेलवरच्या कोणत्या गावात जास्त वेळ द्यावा?

बेर्नकास्टेल-कूसला. १४१६ चं श्पिट्सहॉइशेन, म्हणजे खाली चिंचोळं आणि वर रुंद होत गेलेलं लाकडी सांगाड्याचं घर, चौकाजवळच आहे. त्याच्याभोवती गर्दी असते, म्हणून पूल ओलांडून कूसला जा. तिथे तत्त्वज्ञ निकोलाउस कुझानुसने (१४०१–१४६४) ३३ वृद्धांसाठी उभारलेला आश्रम आहे. पंधराव्या शतकापासून तो चालू आहे आणि त्याचा खर्च बऱ्याच अंशी स्वतःच्या द्राक्षमळ्यांवर चालत आला. त्याच्या ग्रंथालयात तीनशेहून अधिक हस्तलिखितं आहेत.

बाइलश्टाइन एवढंसं आहे की तासाभरात पाहून होतं. दुपारी चारनंतर बोटी गेल्या की ते खरं दिसतं. ट्राबेन-ट्रारबाखला १८९९ चं पुलाचं प्रवेशद्वार आणि त्या काळच्या श्रीमंत वाइन व्यापाऱ्यांची घरं आहेत. ट्रीअरला पोर्टा निग्रा या रोमन वेशीसाठी निदान अर्धा दिवस हवा. नोइमागेनला सापडलेलं, पिंपांनी भरलेल्या जहाजाचं रोमन दगडी शिल्प ट्रीअरच्याच संग्रहालयात आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वीही या नदीवरून वाइन जात होती, याचा तो पुरावा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी: बेर्नकास्टेलला स्थानक नाही, विटलिशहून बस घ्यावी लागते. ट्राबेन-ट्रारबाखला बुलायहून छोटी शाखा जाते.

बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं? ‘श्पेटलेझे’ म्हणजे गोड ना?

नाही, आणि सर्वाधिक चुकीच्या खरेदी याच समजुतीने होतात. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे ही चढती श्रेणी तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती ते सांगते. आंबवल्यावर बाटलीत किती उरली, ते नाही. आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच, उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात गोठलेली असावी लागतात.

गोडवा कळतो तो दुसऱ्या शब्दावरून. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकन’ १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्याची मर्यादा नाही, साधारण किंचित गोड समजा. काहीच लिहिलेलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. मोझेलच्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनवर ८-९ टक्के असेल तर साखर उरलेली आहे. १२ च्या आसपास असेल तर कोरडी. ही युक्ती क्वचितच चुकते.

‘गुट्सआपफ्युलुंग’ लिहिलेलं असेल तर मळेवाल्याने स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतः भरलेली आहे. त्यालाच प्राधान्य द्या.

चव कशामुळे, तर दगड आणि उतार. मोझेलच्या मळ्यांत पाटीच्या दगडाचे तुकडे पसरलेले असतात. ते दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात. ब्रेमजवळचा काल्मोन्ट ६५ अंशांच्या आसपास उभा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावरची दातेरी गाडी आणि माणसाचे हात, एवढंच. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलीला एकच खांब आणि तिच्या दोन फांद्या हृदयाच्या आकारात वाकवून बांधलेल्या. मंडपावरच्या द्राक्षबागा पाहिलेल्या नाशिककराने इथे थांबून नीट बघावं. लाल वाइन हवी असेल तर रुडेसहाइमजवळच्या आसमान्सहाउझेनची श्पेटबुर्गुंडर घ्या.

वाइन चाखायला कुठे जावं?

मोठ्या दालनापेक्षा श्ट्राउसविर्टशाफ्ट शोधा. दारावर झाडू किंवा डहाळ्यांची माळ टांगलेली असते. ही मळेवाल्याच्या घरची हंगामी खानावळ: वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस जागांपर्यंत, स्वतःची वाइन आणि साधे पदार्थ. अशा ठिकाणी रोख पैसे लागतात.

कोरडीपासून गोडीकडे चाखा. उलट केलंत तर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. सहा नमुने प्रत्येकी ५० मिली म्हणजे ३०० मिली होतात, हे विसरायला सोपं. थुंकीपात्र मागण्यात काही गैर नाही. फेडरवाइसर विकत घेतली तर बाटली उभीच ठेवा. आतलं आंबणं चालू असतं म्हणून झाकण सैल असतं आणि आडवी केली की बॅग ओली होते.

न पिणाऱ्यांनी ‘ट्राउबेनझाफ्ट’ मागावा. त्याच मळ्यातल्या द्राक्षांचा रस असतो आणि तो खरोखर उत्तम असतो.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचं काय?

क्रूझवर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आणि ‘शाकाहारी’ एवढंच नको: मांस, मासे, अंडी, जिलेटिन, मांसाचा रस्सा यांतलं काय चालत नाही ते वेगवेगळं लिहा. पहिल्या संध्याकाळी जहाजावरच्या मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. जैन जेवण हवं असेल तर आधी स्पष्ट होकार घ्या, कारण इथल्या शाकाहारी पदार्थांचा पाया बटाटा आणि कांदा हाच आहे.

गावात धोका ‘श्पेक’चा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या बारीक तुकड्यांचा. कांद्याचा केक (त्स्वीबेलकूखेन), भाजलेले बटाटे, फ्लामकूखेन, बटाट्याचं सॅलड, सगळ्यांत तो गुपचूप असतो. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ असं म्हणा. भरवशाचे पदार्थ: राइबेकूखेन (बटाट्याची किसून केलेली धिरडी, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर, पिठात बहुधा अंडं असतं), केझेश्पेट्सले (चीजमधल्या जाड शेवया, यातही अंडं), लोणी-बटाट्याबरोबरचे श्पार्गेल. त्यावर हॅम नको, हेही सांगा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

केबिन कोणती घ्यावी?

सर्वांत खालच्या मजल्यावर खिडकी उंचावर, लहान आणि न उघडणारी असते, पाणी तिच्या जरा खाली. खोलीत फक्त झोपायचं असेल तर पैसे वाचवायची हीच जागा. ‘फ्रेंच बाल्कनी’ म्हणजे सरकता दरवाजा आणि कठडा, पाऊल ठेवायला जागा नाही. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर असते, पुढच्या टोकाला धक्क्याला लागताना बाजूच्या पंख्याचा आवाज. मधली केबिन उत्तम.

गर्दीच्या गावी दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. मग महागड्या बाल्कनीसमोर शेजारच्या जहाजाची केबिन येते. पडदे ओढा. रुडेसहाइमला रेल्वे थेट काठामागून जाते आणि मालगाड्या रात्रभर चालतात. इअरप्लग बरोबर न्या.

आईवडील पंच्याहत्तरीचे आहेत. झेपेल का?

जहाजावर झेपेल. लाटा नसल्याने मळमळही होत नाही. पण लिफ्ट बहुधा सर्वांत खालच्या केबिनपर्यंत किंवा वरच्या डेकपर्यंत जात नाही, हे विचारून मधला मजला घ्या. पाणी चढतं-उतरतं तसा धक्क्यावर जायचा पूल कधी तीव्र उताराचा होतो. जहाजं खेटून असतील तर शेजारच्या जहाजाच्या जिन्यांवरून जावं लागतं. गावांत सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. रबरी तळाचे बंद बूट हवेत, सँडल नकोत.

व्हिसा कोणत्या देशाचा?

ज्या शेंगेन देशात सर्वाधिक मुक्काम आहे, त्याचा. समान असेल तर पहिल्या प्रवेशाच्या देशाचा. अॅमस्टरडॅम-बाझेल क्रूझमध्ये नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड असे चार देश येतात, म्हणून कंपनीकडून तारखेनुसार बंदरांची यादी मागवून रात्री मोजा आणि तीच यादी अर्जाला जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. मेच्या सुट्टीसाठी भेटीची वेळ मिळणं हाच मोठा अडथळा असतो, तेव्हा जानेवारीतच हालचाल करा.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. विमानतळावरून माइन्त्स लोकल रेल्वेने अर्ध्या तासावर. क्रूझ निघायच्या आदल्या दिवशी पोहोचा, कारण उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

वरखर्च किती धरावा?

किमतीत बंदर शुल्क, सहली, जेवणाबरोबरची वाइन आणि टिप धरली आहे का, हे चार मुद्दे तपासा. टिप वेगळी असेल तर बहुतेक कंपन्या माणशी दिवसाला १० ते १५ युरोच्या दरम्यान सुचवतात. चार जणांच्या कुटुंबाला आठवड्यात ही रक्कम बरीच होते. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून औषधं आणि खाऊ शनिवारीच घ्या. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते.

वाइन घरी आणता येते का?

प्रौढ प्रवाशाला भारतात २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्यांचे दीड लिटर होतात, तिसरी पूर्ण बाटली मर्यादेबाहेर जाते. पण गोड आउसलेझे आणि आइसवाइन ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीतही मिळते, ती बरोबर बसते. मळ्यावरून घेतलेल्या बाटल्या चेक-इन बॅगेतच टाकाव्या लागतात. बाटली पायमोज्यात घाला, पायमोजा बुटात, भोवती कपडे आणि बॅगेच्या मधोमध. मळेवाल्याकडे पुठ्ठ्याचं खोकं मागितलं तर बहुधा मिळतं.